क्लोरीनच्या चार रेघा

अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या वर्गात मी एकटीच मुलगी. अकोल्याजवळ आमचा भाजीचा मळा होता. सुट्टीत घरी गेले की बाबा विचारायचे, "काय शिकून राहिली वं तू?"

"अणू तोलाचं यंत्र, बाबा."

"मंग तोलला का एखांदा?"

"यंत्र विलायतेत आहे. आमी त्याचा फोटो पायतो."

बाबांनी जरा विचार केला. "काट्याचा फोटो पाहून वांगे इकता आले असते, तं लय बरं झालं असतं."

तो फोटोसुद्धा सहज दिसत नसे. पुस्तक एकच, तेही सरांच्या कपाटात. सर पुण्याचे. वऱ्हाडाला शहाणं करायला आपल्याला मुद्दाम धाडलंय, अशी त्यांची समजूत होती आणि ती इथल्या उन्हाळ्यातही वितळली नाही. पुस्तक उघडून ते देवाच्या तसबिरीसारखं आमच्यासमोर धरत आणि आमचं दर्शन होण्याआधीच मिटत.

तत्त्व मात्र त्यांनी नीट सांगितलं. अणूंना विजेचा भार देऊन पळवायचं आणि वाटेत चुंबक ठेवायचा. हलका अणू जास्त वळतो, जड कमी. मग ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे फोटोच्या काचेवर वेगवेगळ्या जागी रेघा उमटतात.

क्लोरीनच्या फोटोत चार रेघा होत्या : पस्तीस, छत्तीस, सदतीस, अडतीस. "म्हणजे क्लोरीनचे अणू चार प्रकारचे," असा सरांनी निकाल दिला. वर्गाने तो मुकाट्याने लिहून घेतला.

मी उभी राहिले. "सर, छत्तीस आणि अडतीस या रेघा फिक्या आहेत. दोन्ही शेजारणीपेक्षा एकानेच जड. हायड्रोजनचं वजनही एकच. तोच क्लोरीनला चिकटून आला नसेल?"

"बाई, पुस्तकात चार रेघा छापल्यात. तुम्हाला किती हव्यात?"

"दोन."

"बायकांना काटकसर उपजतच असते," सर म्हणाले. वर्ग मनसोक्त हसला. मी मात्र वहीत दोनच प्रकार लिहिले.

तोंडी परीक्षेला नागपूरहून एक वयस्कर परीक्षक आले. त्यांच्या शेजारी सर बसले होते. माझ्या आधीच्या प्रत्येक मुलाने ठणकावून चार प्रकार सांगितले. माझी पाळी येईतो परीक्षकांनी चष्मा काढून डोळे चोळायला सुरुवात केली होती.

"दोन प्रकार," मी म्हटलं आणि हायड्रोजनचं कारण सांगितलं.

परीक्षकांनी चष्मा परत लावला. "शाबास! हे कुणी शिकवलं तुला?"

सर खिडकीबाहेरचं कडुनिंबाचं झाड फार बारकाईने पाहू लागले. प्रात्यक्षिकाचे मार्क अजून त्यांच्याच हातात होते.

"सरांनी," मी म्हणाले.

सरांनी नम्रपणे मान झुकवली. इतकी नम्रता मी त्यांच्यात पूर्वी पाहिली नव्हती.

मी पास झाले, चांगल्या मार्कांनी. पुढल्या वर्षी खालच्या वर्गातला एकजण सांगत होता, की सर क्लोरीन फार सुरेख शिकवतात. फोटो पुढे धरून म्हणतात, "काही अर्धवट लोक इथे चार प्रकार मोजतात."