शेवंताबाईंचं बाहेर बसणं

“डॉक्टरीणबाय, सासू परत भायर बसली,” सुमन म्हणाली. “ह्या महिन्यात दुसऱ्यांदा.”

मी हातातला केसपेपर खाली ठेवला. सुमनच्या सासूबाई शेवंताबाई पासष्टीच्या पुढच्या. त्या वयात पाळी येत असेल तर ती आमच्या गोळ्यांमुळे, हे मला माहीत होतं. पण महिन्यात दोनदा? गर्भाशयाचा कॅन्सर हाच विचार कुठल्याही डॉक्टरच्या मनात आधी येईल. मी चांगलीच घाबरले.

आधी गोळ्यांचं सांगते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं होती. परळच्या एका हॉस्पिटलात मी रजिस्ट्रार होते, म्हणजे बड्या डॉक्टरांच्या हाताखालची. शेवंताबाई डिलाईल रोडच्या चाळीत गिरणी कामगारांची खानावळ चालवायच्या. त्यांना पार्किन्सन होता, आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात तो. हात थरथरतात, अंग ताठरतं, चालताना पाय मध्येच जमिनीला चिकटतात. त्यात एकदा भाताचं पातेलं उतरवताना पाठीत कळ आली. एक्स-रेमध्ये मणके दबलेले दिसले. हाडं आतून विरळ, ठिसूळ झाली होती. हा ऑस्टिओपोरोसिस. कंपवाताचा माणूस पटकन पडतो आणि ठिसूळ हाड पटकन मोडतं. खुबा मोडलेली म्हातारी त्या काळी सहसा अंथरुणातून उठत नसे.

“पाठीला पट्टा बांध आणि झोपवून ठेव,” आमचे सर म्हणाले.

“सर, झोपवलं तर अंग आणखी आखडेल. हाडंही आणखी झिजतील.”

“मग हार्मोन दे.”

पाळी गेली की बायकांच्या अंगातलं हार्मोन आटतं, हाडं झिजू लागतात. ते गोळ्यांनी भरून काढायचं, असा हा उपाय. जोडीला दूध, माशाचं तेल, ऊन, थोडं चालणं. वाकून जड उचलणं मात्र बंद.

मी शेवंताबाईंसमोर दोन्ही पर्याय ठेवले. पट्टा पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

“मी निजान रवलंय तर मेंबर दुसऱ्या खानावळीत जातले. ते काय परत येवचे नाय.” महिन्याने जेवणाऱ्यांना मेंबर म्हणत.

“मग गोळ्या घ्या. पण मळमळेल. छाती दुखेल. कदाचित पाळीसुद्धा परत येईल.”

“म्हणजे परत भायर बसूचा?”

“येईल कदाचित, म्हटलं.”

“चार दिस चुलीक शिवूचा नाय?”

“ते तुमच्या घरातलं तुम्ही बघा.”

“दी गोळयो,” त्या म्हणाल्या. गोळ्यांचे दुष्परिणाम ऐकून इतका खूश झालेला पेशंट मी त्यानंतर पाहिला नाही.

पुढच्या महिन्यात शेवंताबाई खरंच बाहेर बसल्या. चाळभर बोभाटा झाला. मेंबर लाजून खाली मान घालून जेवू लागले. सुमन चुलीपाशी आणि सासू गॅलरीत उन्हात, दुधाचा पेला घेऊन. तिथूनच आमटीत मीठ कमी पडल्याचं ओरडून सांगायच्या. पाठ दुखायची थांबली. सर तर हवेत होते.

आणि आता हे दुसऱ्यांदा. त्या दिवशी हरताळ होता, बस बंद. सुमनबरोबर मी चालतच चाळ गाठली. गिरण्या बंद, त्यामुळे सगळे मेंबर जेवायला हजर, वर मोर्चासाठी गावाहून आलेले पाहुणे. चुलीवर भलंमोठं पातेलं चढलेलं. शेवंताबाई गॅलरीत गोणपाटावर बसून खालच्या घोषणा ऐकत होत्या.

“शेवंताबाई, आजच अॅडमिट व्हा. दोनदा रक्त जाणं चांगलं नाही.”

“रगात? खय आसा रगात?”

सुमन ऐकत नाही ना, म्हणून त्यांनी आत नजर टाकली. मग कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची बाटली काढून माझ्या हातात दिली. बूचसुद्धा उघडलेलं नव्हतं.

“अहो, मग पाळी?”

“गोळयेचा नाव पुरे, बाय! निजलंय तर म्हातारी संपली म्हणतले, चूल कायमची जातली. भायर बसलंय तर चार दिसान चूल परत माझी.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “आणि मोर्च्याच्या दिसाक पातेला केवढा चढता, बगलंस?”

मला राग यायला हवा होता. पण जीव इतका भांड्यात पडला की मी हसतच सुटले. आम्हाला हवं ते सगळं मिळत होतं: ऊन, दूध, वजन उचलणं नाही. मी एकच अट घातली. जड पातेलं यापुढे कायम सुमन उतरवणार.

“पातेला नेव दे तिका. आमटी माझी,” त्या म्हणाल्या.

सरांनी पुढे त्यांना विद्यार्थ्यांसमोर उभं केलं. “बघा, हार्मोनचा परिणाम! काय बाई, गोळ्यांचा काही त्रास?”

“चार दिस भायर बसूचा लागता, तेवढाच,” शेवंताबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांचा खुबा शेवटपर्यंत शाबूत राहिला. तेव्हापासून औषध लिहिताना पेशंटला त्यातलं नक्की काय हवंय, हे मी आधी विचारते.

विद्यार्थ्यांसमोर उभं केलं त्याच दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सुमन भेटली. सासूचं बिंग फुटू नये म्हणून मी गोळ्यांचं काहीबाही सांगायला लागले. तिने मला थांबवलं.

“डॉक्टरीणबाय, धुण्याची दोरी माझ्या डोळ्यासमोर आसा, पाळयेचो एक कपडो तिच्यार दिसाक नाय. माका पयल्या महिन्यातच कळला.”

“मग बोलली नाहीस कशी?”

“चार दिस चूल माका गावता.”

“आणि तरी माझ्याकडे तक्रार घेऊन आलीस?”

“दोनदा म्हणजे जरा जास्तीच झाला मा!”