साहेब, छत्री मिटा

आमच्या धाराशिव जिल्ह्यात निवडून आलेली माणसं पुष्कळ झाली. परंतु निवडणुकीत पडण्याचं काम निष्ठेनं, सातत्यानं आणि पदरचं पेट्रोल जाळून कुणी केलं असेल, तर ते माझ्या थोरल्या साडूंनी. विधानसभेला ते पडले, जिल्हा परिषदेला पडले, बाजार समितीला पडले. एकदा गणेश मंडळाच्या अध्यक्षपदासाठी एकटेच उभे होते, तर ऐन वेळी मंडळच फुटलं आणि तिथंही ते पडल्यातच जमा झाले. पडल्यावर माणसं चार दिवस दार लावून बसतात. साडू मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आभार दौऱ्यावर निघत. "निवडून आलेला आभार मानतोच हो, गुरुजी," ते मला म्हणत. "त्याचा फायदा झालेला असतो. आपले आभार निःस्वार्थी असतात."

त्यांचा पक्ष लहान होता असं म्हटलं, तर लहान पक्षांना राग येईल. पक्षाला जिल्हाध्यक्ष होते, म्हणजे साडू. कार्याध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, सरचिटणीस होते. नुसता कार्यकर्ता मात्र शोधून सापडला नसता. त्यामुळे सतरंजी अंथरायची वेळ आली की तालुकाध्यक्ष अंथरत. या तालुकाध्यक्षांची मुरुमला पानटपरी होती आणि कार्यकारिणीच्या बैठका तिथंच, उभ्यानं, चुना लावता लावता होत. संस्थापक नेते पुण्याला असत. निवडणूक जवळ आली की त्यांचा फोन येई, "स्वबळाची तयारी ठेवा." मोठ्या पक्षाशी बोलणी सुरू झाली की पुन्हा फोन येई, "जरा थांबा." साडू दोन्ही आदेश सारख्याच गांभीर्यानं पाळत. पुढं पक्ष फुटला, तेव्हा साडू मूळ पक्षात राहिले, आणि वर्तमानपत्रांना त्यांनी स्वतःच्या निष्ठेबद्दल स्वतःच निवेदन दिलं. खरी गोष्ट अशी, की फुटणाऱ्यांना त्यांना विचारायचं राहून गेलं होतं.

आंदोलनांची त्यांना फार हौस. नळदुर्गजवळ हायवेवर त्यांनी एकदा रास्ता रोको केला. रोखायला साडू, तालुकाध्यक्ष, आमच्या मेव्हणीबाई आणि मी. मी कडेला उभा राहणार, एवढ्या बोलीवर गेलो होतो. हैदराबादकडून येणारा पहिला ट्रक थांबला, त्याच्यामागं दुसरा थांबला, आणि साडूंचा चेहरा उजळला. ड्रायव्हर खाली उतरला आणि अदबीनं विचारता झाला, "चाचा, इधर का ढाबा बंद हो गया क्या?" साडूंनी त्याला खताच्या टंचाईबद्दल समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आम्हा चौघांना पलीकडच्या ढाब्यावर चहा पाजला आणि गाडी घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, 'महामार्ग काही काळ ठप्प'. ते कात्रण साडूंनी काच लावून दिवाणखान्यात टांगलं.

मेव्हणीबाई सोशिक, पण तोंडाच्या तिखट. दर निवडणुकीला साडू मतमोजणीच्या आधीच तेरखेड्याहून विजयाचे फटाके आणून ठेवत. "आणा, आणा," त्या म्हणायच्या, "दिवाळीचा खर्च वाचतोय."

लहान पक्षाला स्वतःचं कायमचं चिन्ह नसतं. दर वेळी निवडणूक अधिकारी मोकळ्या चिन्हांतलं एखादं देतात. साडू कधी नारळ झाले, कधी शिलाई मशीन झाले. एका विधानसभेला त्यांना छत्री मिळाली आणि त्यांचं भाग्य फळफळलं. म्हणजे पडले ते पडलेच. पण छत्री त्यांच्या अंगाला चिकटली. पाऊस आमच्याकडं पाहुण्यासारखा येतो, ऊन घरच्यासारखं राहतं. साडू बारा महिने काळी छत्री उघडून फिरू लागले. रेशनच्या रांगेत म्हाताऱ्या उभ्या दिसल्या की हे जाऊन त्यांच्यावर छत्री धरत. दवाखान्यात न्यायच्या बाळंतिणीवर छत्री, बाजारात कोथिंबीर विकणारीवर छत्री. लग्नाच्या मांडवातसुद्धा उघडायचे, तेव्हा मागच्या रांगेतली माणसं ओरडत. कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावांतल्या बायका कानडीत काहीबाही म्हणून हसायच्या, पण छत्री लांबून दिसली की पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायच्या. गावोगाव त्यांचं नाव माणसं विसरली. उरला तो छत्रीवाला साहेब.

अशात जिल्हा परिषद लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदा साडू निवडून येण्याचा धोका निर्माण झाला. मोठ्या पक्षांतली माणसं आपसांत भांडत होती आणि आमच्या गटातली गावं उघड बोलत होती, "अवंदा साहेबाला टाकायचं." मेव्हणीबाईंनी प्रथमच फटाक्यांवर टोमणा मारला नाही. देवापुढं दिवा लावून म्हणाल्या, "एकदा, फक्त एकदा येऊ दे ह्यांना."

आणि चिन्हवाटपात घात झाला. कुठल्याशा रागानं अर्ज भरलेल्या एका अपक्षानंही छत्रीच मागितली होती. अधिकाऱ्यांनी चिठ्ठी काढली. छत्री त्याला गेली. साडूंना मिळाला रोडरोलर.

रोडरोलर काखेत मारून फिरता येत नाही. त्याहून मोठी अडचण अशी, की साडूंना छत्री घरी ठेवता येईना. ऊन तापू लागलं होतं. हे जीपमधून उतरले की हात आपोआप छत्रीकडं जाई. तालुकाध्यक्ष घसा फोडून सांगत, "रोडरोलर! रोडरोलरसमोरचं बटण दाबा!" आणि त्यांच्या शेजारी उमेदवार उघडी छत्री घेऊन हसत उभा.

"साहेब, छत्री मिटा," तालुकाध्यक्ष रडकुंडीला येऊन म्हणाले. "दुसऱ्याचा प्रचार करायलाव तुमी!"

"अरे, ती म्हातारी उन्हात उभी आहे."

"असू द्या की! चार दिवस तापली तर काय वितळत न्हाय ती!"

"गुरुजी, तुम्ही सांगा ह्याला," साडू माझ्याकडं वळून म्हणाले. मी तालुकाध्यक्षांच्या बाजूनं बोललो. साडूंनी छत्री मिटली, आणि पुढच्या गावात पुन्हा उघडली.

मोजणी झाली. तो अपक्ष प्रचाराला घराबाहेर पडला नव्हता. पेटीतून मात्र त्याच्या छत्रीची मतं धो धो निघाली. निवडून आला मोठ्या पक्षाचाच माणूस. छत्री आणि रोडरोलर यांची बेरीज केली असती, तर साडू आरामात आले असते. ती बेरीज तिथं प्रत्येकानं मनातल्या मनात केली. साडूंनीही केली असणार. ते फक्त म्हणाले, "उद्या लवकर निघू, दौरा मोठा आहे."

पहिल्याच गावात एक म्हातारी काठी टेकत जीपपाशी आली. "साहेब, आमच्या आख्ख्या गल्लीनं तुमालाच टाकलं बगा. म्या डोळं फाडून छत्री हुडकली अन् मगच बटण दाबलं. मग पडलाव कसं वो तुमी?"

तालुकाध्यक्षांनी तोंड उघडलं. साडूंनी त्यांचा हात घट्ट धरला. "मला ठाऊक आहे, मावशी," ते म्हणाले. "तुमच्या गावानं लाज राखली. बाकीची गावं कमी पडली."

पुढच्या गावातही हेच झालं, त्याच्या पुढच्या गावातही हेच. संध्याकाळी परतताना मला राहवलं नाही. "अण्णा, खरं का सांगत नाही? निदान पुढच्या वेळी तरी नीट टाकतील."

त्यांनी मिटलेली छत्री पायाशी नीट ठेवली. "मी पडलो, ते माझ्यापुरतं ठीक आहे, गुरुजी. त्या बाईला कशाला पाडू?"

पुढची वेळ आलीच नाही. गट राखीव झाला, साडूंचे गुडघे गेले, आणि गेल्या वर्षी साडूही गेले. तेराव्याला संस्थापक नेत्यांचा फोन आला नाही. गावं मात्र आली. ट्रॅक्टरनं आली, जीपनं आली, चालत आली. मी चहाचे कप घेऊन रांगेरांगेनं फिरत होतो आणि जो तो मला वाकायला लावून कानात सांगत होता, की गुरुजी, आमच्या गावानं साहेबांना शेवटपर्यंत साथ दिली, घात केला तो या बाकीच्यांनी. आणि बोलता बोलता शेजारच्या गावाकडं रागानं बघत होता. मी प्रत्येकाला हो म्हणालो. त्या मांडवात बसलेल्या एकाही माणसानं साडूंना पाडलं नव्हतं.