मी फुंकलेली चूल

देश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि मी मसुऱ्याच्या आसपासची गावं सुधारायला निघाले होते. ग्रामसेविका होते. बालसंगोपनाचं प्रशिक्षण नुकतंच झालेलं, त्यामुळे स्वतःला मूल नसताना मी कुठल्याही आईला शिकवायला एका पायावर तयार असे.

एका घरी अडीच वर्षांची मुलगी होती. बसायची, पण चालत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, पायांत दोष नाही, पण रोज सराव हवा. आता राहिलं तर पुढे अवघड जाईल. तो सराव आईला शिकवणं हे माझं काम. दर बुधवारी जायचे. मी ओसरीवर टेकले की आई लगबगीनं आत. बाई आल्या म्हणजे घावणे आणि चहा व्हायलाच हवा. मी "कशाला उगीच" म्हणायचे आणि वास आला की गप्प बसायचे. तोवर मुलीला ओसरीच्या कठड्याला धरून उभं करायचे, पुढे करवंटी वाजवायचे. ती कडेकडेनं दोन-चार पावलं टाकायची. आई बशी घेऊन आली की खाता खाता माझं छापील मराठीतलं व्याख्यान सुरू. ती मान डोलवायची. वहीत मी लिहायचे, 'आईस समजावून दिले.'

दोन महिन्यांनी ती चाचरत म्हणाली, "बाई, राग मानू नकात. तुमी गेलास की चेडू परत बसानच रवता. तुमी तेका कसा उभा करतास, ता मिया एकदाव बघूक नाय. तुमी इलास काय माका चुलीकडेच जावचा लागता."

हातातला घास मी परत बशीत ठेवला. इतके बुधवार सराव झाला होता तो माझ्या जिभेचा. मला भयंकर लाज वाटली.

"पुढच्या बुधवारी चहा मी करणार," मी म्हटलं.

पाहुणीनं चूल फुंकायची म्हणजे काय, ती घाबरलीच. पण त्या बुधवारी मी तिला ओसरीवर बसवलं, मुलीला उभं कसं करायचं ते दाखवलं, हातात करवंटी दिली. "उचलायचं नाही. तिला येऊ दे," असं बजावून आत गेले. लाकडं ओली, धुरानं डोळे चुरचुरले. तसे चार-पाच बुधवार मी कडू चहा केला आणि आम्ही दोघींनी तो मुकाट्यानं प्यायला.

मग एकदा बाहेरची करवंटी थांबली.

"बाई, भायर येवा! चेडवान हात सोडल्यान!"

फुंकणी हातात घेऊनच मी धावले. मुलगी आईच्या मांडीत पोचली होती आणि आई रडत होती. आत चहा उतू जात होता. ज्या पावलांसाठी मी इतके बुधवार पायपीट केली, ती मला दिसलीच नाहीत. तिच्या आईनं बघितली.