उकंडरावच्या रेडिओची गरमी

डोणगावच्या उकंडरावनं रेडिओ स्वतःच्या हातानं बांधला यावर गावाचा विश्वास बसला, तो रेडिओ बोलला म्हणून. नाहीतर कोण कशाला मानतंय! माणूस वांगी-मिरचीचा मळेवाला, पण हात कसे ते गप्प बसायचे नाहीत. विहिरीवरची मोट जाऊन इंजिन आलं, तेव्हा शिवारातली इंजिनं हाच खोलत बसायचा. महाराष्ट्र राज्य झालं, मागोमाग गल्लीत लाइट आली, आणि याच्या डोक्यात रेडिओ शिरला. अकोल्याच्या जुन्या बाजारातून काचेचे व्हॉल्व्ह आणले, कुठल्याशा मोडक्या सेटमधला ट्रान्सफॉर्मर आणला, चहाच्या खोक्याच्या फळ्यांची पेटी केली. एका सकाळी त्या पेटीतून बातम्या सुरू झाल्या. अहाहा! उकंडराव नाचलाच म्हणा ना.

नाच काही फार टिकला नाही. रेडिओ थोडा वेळ झकास चालायचा, मग असा तापायचा की पेटीला हात लावू देत नव्हता. तापला की आवाज घोगरा, मग नुसती खरखर, मग गप्प. निवला की पुन्हा आपला सुरू. शेजारचा शेषराव, उकंडरावचा लहानपणापासूनचा दोस्त, रोज कुंपणावरून विचारायचा, “काय बे उकंड्या, चहा ठेवू काय तुह्या रेडिओवर?”

एरवी उकंडरावनं हसून सोडून दिलं असतं. पण यंदा गोष्ट वेगळी होती. उकंडरावची बायको जनकाबाई रेडिओवर गाणार होती.

झालं असं, की श्रावणात नागपूरच्या रेडिओवाल्यांनी मेहकरला येऊन बायांची भुलाबाईची गाणी भरून नेली. डोणगावच्या बायांनी जनकाबाईला पुढं ढकललं. भुलाबाईचा महिना आला की तिच्याशिवाय गाणं उठतच नसे. आता ती गाणी गुरुवारी संध्याकाळी लागणार, असा निरोप आला होता. गावात दुसरा रेडिओ होता, पण तो पंजाबराव पाटलांच्या बैठकीत, आणि तिथं बायामाणसं पाय ठेवत नसत. म्हणजे ज्या बाईनं गायलं तिनंच ऐकायचं नाही! एक दिवस भाकरी थापता थापता ती सहज बोलली, “अवो, माहा आवाज कसा हाय ते मले कधी ऐकूच आलं नाही. गाताना थोडाच ऐकू येते?”

“आपल्या घरी ऐकशील,” उकंडराव बोलून गेला. आणि मग त्याची झोप उडाली.

त्यानं पेटी खोलली, खाटेवर सगळा पसारा मांडला. एकेक व्हॉल्व्ह बदलून पाहिला, तारांच्या सांध्यांना डाग पुन्हा दिले, ट्रान्सफॉर्मर इकडचा तिकडं केला. अंगणात खाटेवर रेडिओ दुपारभर गायचा, कुरकुर नाही की काही नाही. खूश होऊन त्यानं तो आत नेऊन फळीवर ठेवला, की पठ्ठ्या पुन्हा घोगरा. “घरात आला की याले काय होते वं?” उकंडराव कपाळाला हात लावून विचारायचा. जनकाबाई काय सांगणार बिचारी! ती आपली रेडिओवर नीट अभ्रा घालायची, धूळ नको, कोणाची नजर नको म्हणून.

तुम्ही ओळखलं असेल. उकंडरावनं ओळखायला बुधवार उजाडला. जुन्या लुगड्याचे दोन पदर, त्यावर पोपट भरलेले, असा तो झकास अभ्रा चारी बाजूंनी पेटी गच्च झाकायचा. सहज त्याखाली हात गेला आणि त्याला गोधडीत शिरल्यासारखं वाटलं. “अरे वेड्या!” तो स्वतःलाच म्हणाला. अंगणात काम करताना अभ्रा काढलेला असायचा, म्हणून तिथं आजार नव्हता.

आता बायकोला सांगायचं कसं? पोपट भरताना तिनं डोळे फोडून घेतले होते. पण सांगावं तर लागलंच. “जनका, याले उघडंच राहू दे. आपल्यासारखी यालेही हवा लागते.” तिनं तोंड एवढंसं केलं, पण अभ्रा काढला आणि पिठाच्या डब्यावर घातला. उकंडरावनं पेटीच्या मागं भोकं पाडली. रेडिओ रात्रीच्या जेवणापर्यंत गात राहिला, आणि उकंडरावनं त्या आनंदात एक भाकर जास्त खाल्ली.

गुरुवारी संध्याकाळी उकंडरावच्या घरी जत्रा. ओसरीत सतरंजीवर गडीमाणसं, आत सैपाकघराच्या दाराआड बाया. लोक जमेपर्यंत रेडिओ चालूच होता. खुद्द पंजाबराव पाटील आले, हातात नारळ आणि शाल. डोणगावची सून रेडिओवर गाते म्हणजे सत्कार नको? पण सून पुढं येईल तर ना! वडीलधाऱ्यांसमोर ती दाराबाहेर यायची नाही, हे पाटलांनाही ठाऊक. त्यांनी थोडा विचार केला आणि शाल उलगडून सरळ रेडिओलाच पांघरली, पार मागच्या भोकांपर्यंत. वर हार घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उकंडराव शालीकडं सरकला आणि थांबला. पांघरलेली शाल ओढून काढायची, तीही पाटलाच्या हातची? असा अपमान गावात कोणी केला नव्हता. “आबाजी…” त्यानं पाटलांकडं पाहून तोंड उघडलं, तेवढ्यात गाणं लागलं. सगळ्यांचे कान पेटीकडं.

पहिल्या गाण्यात जनकाबाईचा आवाज कसा खणखणीत! दाराआडून बाया खिदळल्या. दुसऱ्या गाण्यात तो थोडा बसला. मग खरखर लागली. शेषराव हळूच म्हणाला, “उकंड्या, तब्येत बिघडली बे याची.” उकंडराव अर्धा उठला, पाटलांकडं पाहिलं, परत बसला. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात सैपाकघराचं दार वाजलं. डोईवर पदर घेऊन जनकाबाई थेट ओसरीत आली. तिनं हार काढून खुंटीला लावला, शाल उचलली, झटकली आणि स्वतःच्या खांद्यावर घेतली.

“आबाजी, शाल माह्यासाठीच आणली ना? मंग मलेच द्या. त्याले गरमी होऊन राह्यली.”

पाटील तिच्याकडं पाहत राहिले, मग त्यांच्या मिशा हलल्या. “हाव बाई,” ते म्हणाले, “चुकलंच माहं. उकंडराव, पाहून काय राह्यला बे? वारा घाल त्याले!”

असा हशा उसळला म्हणता! उकंडराव ताडाचा पंखा घेऊन धावला, दुसऱ्या बाजूनं शेषरावनं टोपीनं वारा घालायला सुरुवात केली. रेडिओ खोकला, थांबला, पुन्हा खोकला. आणि शेवटच्या गाण्याला आवाज मोकळा झाला, घरभर भरला.

जनकाबाई आत गेली नाही. गडीमाणसांच्या मधोमध, त्या सतरंजीवरच बसली. शेषरावनं सरकून जागा दिली. बाकीच्या बायाही एकेक करून दाराबाहेर आल्या. उकंडराव पंखा हलवत होता आणि रेडिओकडं नाही, तिच्याकडं पाहत होता. स्वतःचा आवाज ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले होते, आणि तोंडभर हसू.

“अवो,” ती म्हणाली, सगळ्यांदेखत, “जरा मोठा करा ना.”