येसर भाजता भाजता अँटेनाचं गणित

थोरल्या नातीची हळद रविवारी होती आणि धाकटी कॉम्प्युटरसमोरून उठायला तयार नव्हती. ती पुण्याला इंजिनिअरिंगचं पुढचं शिकते. मंगळवारी सरांना गणित दाखवायचं होतं. घरी झालं नाही, तर शनिवारच्या गाडीनं परत जाऊन कॉलेजातल्या मोठ्या मशीनवर करायचं. म्हणजे सख्ख्या बहिणीच्या हळदीला ही नाही.

इकडं आमचं लग्नाचं येसर भाजणं चाललेलं. शाळा मी पाहिली नाही, नातींच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले, त्यामुळं विचारायची खोड लई. विचारलं, "काय अडलंय गं?"

"आज्जे, एका पट्टीवर आठ अँटेना हायत, मोबाइलच्या टॉवरवर असतात तशा. लहरी कुठं जातील ते आधी काढून बघायचं. दिशा बदलली की सगळं पहिल्यापासून. त्यात लाईट जाते, अन् या लॅपटॉपची बॅटरी मेलेली."

"मग आता?"

"तू येसर करतीस तसं करणार. एकेक अँटेनाचं एकदाच काढून ठेवायचं. मग दिशा कोणती का असंना, कुणाला किती जोर द्यायचा तेवढं ठरवून नुसती बेरीज."

हे मला समजलं. गहू, बाजरी, डाळ, धने, ज्याचं त्याचं वेगळं भाजायचं, दळून डब्यात भरायचं. पंगत बसली की आधण ठेवून त्यात येसर टाकायचं, आमटी तयार. दर पंगतीला कोण भाजत बसतंय?

शुक्रवारी दुपारी मात्र तोंड पाडून चुलीपाशी आली. एका दिशेचं पूर्ण गणित तिनं आधी केलेलं होतं, त्याच्याशी बेरीज जुळंना. लवकर व्हावं म्हणून एका अँटेनाचं काढताना बाकीच्या सात पट्टीवरून काढूनच टाकल्या होत्या म्हणे.

"त्या गप असल्या तरी तिथं उभ्या पाहिजेत, आज्जे. शेजारणीच्या लहरी त्यांच्यावर आदळतात, जराशा परत फिरतात."

ते खरं असावं. रिकाम्या खोलीत एकटीनं गाणं म्हटलं तर आवाज एक लागतो, बायकांनी भरलेल्या खोलीत दुसराच, त्या मुक्या बसल्या तरी.

मग आठही जागेवर, बोलणारी एकच, असं पुन्हा सुरू. एकीचं झालं की जपून ठेवायची, म्हणजे लाईट गेली तरी वाया जायचं ते एकीचंच. दोनदा गेलीही. नवरी दारातून म्हणाली, "तुझ्या अँटेनांना पण बोलाव हळदीला. एकीलाच बोलू देतीस, बाकीच्यांचा जीव गुदमरत असंल."

"तू गप बस की जरा."

"मी कशापायी गप? माझी हळद हाय."

शनिवारी जेवणाआधी ताळा जुळला. त्यानंतर एकेक दिशा इतक्या पटापट निघायला लागली, की मी कढई उतरवून बघायला जाईस्तोवर तिचं उरकलंसुद्धा. पुण्याची गाडी तिच्याविना गेली. लॅपटॉप फडताळात ठेवून ती माझ्याशेजारी बसली आणि धन्याचं सूप पुढं ओढलं.