दिनकरचा ग्लास

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. लोकांना एवढंच ठाऊक आहे, की मी दारू सोडली. शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात माझं उदाहरण देतात – आणि ते कानावर आलं की मी तिथून उठून जातो.

कशी सोडली? दिवेलागणीच्या आत पोटभर जेवून घ्यायचं, भरल्या पोटी तल्लफ मरते. गुत्त्यावरून येणारी वाट टाकायची. पिणाऱ्यांत बसावंच लागलं, तर आपला ग्लास हातातून सोडायचा नाही. साध्या सवयी आहेत. पण त्या माझ्या नाहीत – दिनकरच्या आहेत. रोज जेवायला बसलो की तो मला समोर दिसतो.

दिनकर माझ्या शेजारच्या मशीनवर होता. प्यायला आम्ही बरोबरच लागलो, सोडली मात्र त्यानं आधी. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला राग आला. तो ताक पीत बसायचा, आणि मला माझ्याच हातातला ग्लास दिसायचा.

त्या थंडीत पाचोडजवळ एका मित्राच्या शेतात हुरडा होता. दिनकर आगटीत कणसं भाजायला उठला. कोल्ड्रिंकचा ग्लास माझ्या हातात देत म्हणाला, "धर जरा. दुसऱ्या कुणाकडं देऊ नको." त्याची पाठ वळली आणि मी – मी त्यात दारू ओतली. गंमत म्हणून? नाही. गंमत कसली आली त्यात?

पहिल्याच घोटाला त्याला कळलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. शिवी दिली असती, ग्लास फेकला असता तर – पण त्यानं तो संपवला. मग स्वतःच पुढं केला, आणि मी भरला. मला बरं वाटलं. खरंच सांगतो, मला बरं वाटलं.

पुन्हा त्याला ती सुटली नाही. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, गेला. त्यानं माझं नाव कुणाला सांगितलं नाही. त्याच्या दहाव्यानंतर मी घाबरून सोडली, त्याच्याच रीतीनं.

त्याची बायको, सुनंदावहिनी, चारचौघांत सांगतात, "भाऊजींनी यांना लई समजावलं व्हतं. यांनीच ऐकलं नाय." मी मान खाली घालतो. लोकांना तो माझा विनय वाटतो.

परवा वहिनींनी त्यांच्या धाकट्या भावाला माझ्याकडं पाठवलं. तोही पितो. मी त्याला सगळं समजावून सांगितलं – जेवण, वाट, सगळं. जाताना तो माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "भाऊ, हे तुमाला कुणी शिकवलं?"

मी म्हणालो, "कुणी नाय. माझं मीच."