फणसाचा पाला

आमच्या वडलांनी आयुष्यभर एकाचेच लाड केले, आणि तेही शेळीचे. संध्याकाळचा चहा झाला की कमरेला कोयती अडकवून ते परसातल्या फणसावर चढायचे आणि पाल्याचा भारा घेऊन उतरायचे. भात लावलं की गावातली गुरं-शेळ्या बांधून घालतात, कोणाच्या शेतात तोंड घालायला नको म्हणून. त्या दिवसांत तर ते भर पावसातही चढायचे. दारातून आई म्हणायची, "बायलेक कधी अबोलीचो वळेसार हाडलो नाय, शेळयेक मात्र रोज पालो!" गजऱ्याचा हा टोमणा ऐकून वडील नुसते हसायचे आणि भारा गोठ्यात उंच टांगायचे. खाली टाकलेलं ती खात नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

गेल्या थंडीत वडील गेले. मी ओरोसला नोकरीला, तिथेच क्वार्टरमध्ये राहते. शनिवारी एसटी पकडून घरी यायचे. आईला माझ्याकडे चल म्हटलं की ती शेळीकडे बोट दाखवायची. "हिका खंय ठेवू?" खरं सांगायचं तर शेळी होती म्हणून आई उठत होती, दोन घास खात होती. वडलांच्या आठवणीसुद्धा ती शेळीलाच सांगायची, मला नाही. मला त्याचा राग यायचा. पण शेळी नसती तर आईचं काय झालं असतं, हेही मला कळत होतं.

पाऊस लागला, शेळी बांधायची वेळ आली. फणसावर चढणार कोण? आईचे गुडघे घराच्या पायरीलाही कुरकुरतात, आणि हाताला लागतील अशा फांद्या वडलांनीच वर्षानुवर्षं तोडून संपवलेल्या. मग आईने व्हाळाकाठचा बांध निवडला. ओढ्याच्या ओलीने तिथलं गवत कायम कोवळं, जमिनीलगत लुसलुशीत. इतरांच्या शेळ्या कातळावर आणि आपली इथे, याचा तिला कोण अभिमान! रोज सकाळी त्याच खुंटीला ती शेळी बांधून यायची.

श्रावणातल्या एका संध्याकाळी आईने मला हौसेने शेळीची हनुवटी दाखवली. "बघ गो, कशी गालान भरली हा!" हनुवटीखाली खरंच गुबगुबीत दिसत होतं. सकाळी ते कमी व्हायचं, संध्याकाळी पुन्हा भरायचं. आम्हा दोघींनाही त्यात वावगं वाटलं नाही. मग शेळी चालता चालता बसू लागली, आणि आईने मला फोन केला.

मी रजा टाकून आले, जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी शेळीची खालची पापणी ओढून आम्हाला दाखवली. आत लाल काही नव्हतंच, पांढरंफटक.

"आजी, पोटात जंत झालेत, रक्त पिणारे. हनुवटीखालची ती सूज आहे, पाणी साचलंय. लेंडीतून जंतांची अंडी पडतात आणि पिल्लं ओल्या गवताच्या बुडाशी चढून बसतात. एकाच जागी बांधलेली शेळी तेच गवत खाते, तेच जंत पुन्हा पोटात. शेळी मुळात उंचावरचा पाला खाणारी. पाला घालत नव्हता का हिला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी फणसाकडे.

औषध पाजलं. फार उशीर झालाय, बघू, असं म्हणून बाई गेल्या. शेजारचे काका फणसावर चढले आणि त्यांनी पाला काढून दिला. आईने तो गोठ्यात टांगला, वडील टांगायचे तिथेच. शेळीला मान वर करवेना, तेव्हा तिने एक पान तिच्या तोंडात दिलं. शेळीने ते धरलं, चावलं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तिला पुरून आल्यावर आई पायरीवर बसली. मग तिने वडलांचं विचारलं, "तेंका ह्या ठावक होता काय गो?"

"नाय गे आये. तिका आवडता म्हणान हाडीत."

"मी बऱ्यातला बरा घालून मारलंय तिका," ती म्हणाली. "आणि तेंका जन्मभर हसलंय."

वडील गेले तेव्हा आई चारचौघांत रडली होती, रीतीप्रमाणे. त्या दिवशी ती हुंदके देऊन रडली आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. जंतांनी मारलं, तू नाही, असं मी परत परत सांगत होते. तिला ते ऐकू येत नव्हतं.

चतुर्थी झाल्यावर शेजारच्या काकी एक करडू घेऊन आल्या. "घेवा हिका. तुमका सोबत होतली." मला इतकं बरं वाटलं की मी लगेच दावं हातात घेतलं. आईने करडाला जवळ ओढलं, त्याची खालची पापणी ओढून पाहिली. लालभडक होती. तिने त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि माझ्या हातातलं दावं सोडवून काकींना परत दिलं.

"पालो कोण हाडतलो?"

माणूस लावू, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण तिची नजर फणसावर होती. मी आत जाऊन चहा ठेवला.